ब्रेक बदलण्याआधी उष्णतेचा हिशेब

हौशी चालकांना स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवू देण्याचे दिवस आता जगभर भरतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचे आणि ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. भारतात कोइम्बतूर, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टाई आणि ग्रेटर नोएडा इथल्या ट्रॅकवरही असे दिवस होतात. तिथे पहिल्यांदा गाडी घेऊन जाणाऱ्याचा एक अनुभव बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्या मजेत जातात. चौथ्या-पाचव्या फेरीत लांब सरळ पट्टा संपतो, वळण समोर येते, चालक ब्रेक दाबतो आणि पेडल नेहमीच्या जागी थांबतच नाही. ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसे ते मऊपणे खाली जात राहते. गाडी कशीबशी वळणाबाहेरच्या वाळूत जाऊन थांबते.

घरी आल्यावर पहिला विचार येतो तो ब्रेक बदलण्याचा. मोठ्या डिस्क, सहा पिस्टनचे लाल रंगाचे कॅलिपर, भोके पाडलेल्या चकचकीत चकत्या. बाजारात हे सगळे मिळते आणि त्याची किंमत लाखांतही जाते. पण त्या दिवशी वळणावर नेमके काय कमी पडले, याचा हिशेब मांडला तर उत्तर बऱ्याचदा काही शे ते काही हजार रुपयांचे निघते. हा हिशेब आहे उष्णतेचा. स्पोर्ट्स कारला तो जसा लागू आहे, तसाच सुट्टीत चार माणसे आणि सामान भरून घाट उतरणाऱ्या साध्या मोटारीलाही लागू आहे.

साडेतीन लिटर पाणी, साडेचार सेकंदांत

धावत्या गाडीजवळ गतिज ऊर्जा असते. ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. गाडी थांबवायची तर ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ब्रेकमध्ये पॅड डिस्कवर घासले जातात आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. डिस्क ती उष्णता आधी स्वतःत साठवते आणि मग हळूहळू हवेत सोडते. ब्रेकचे काम खरे तर एवढेच आहे.

चालकासह ११०० किलो वजनाची छोटी दोन आसनी स्पोर्ट्स कार ताशी १६० किलोमीटर वेगाने चालली आहे, असे धरू. तिच्यातली ऊर्जा सुमारे ११ लाख ज्यूल भरते. तेवढ्या ऊर्जेत खोलीच्या तापमानाचे जवळजवळ साडेतीन लिटर पाणी उकळीला येते. घरच्या गॅसवर त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतील. चांगल्या टायरवर ही गाडी साधारण साडेचार सेकंदांत थांबते, म्हणजे ब्रेकना तेवढ्याच वेळात ही सगळी उष्णता घ्यावी लागते. शक्तीच्या भाषेत हे ३०० अश्वशक्तीच्या वर जाते. असल्या छोट्या गाडीचे इंजिन जेमतेम ११५ अश्वशक्तीचे असते. कुठल्याही मोटारीत सर्वात ताकदवान यंत्र इंजिन नसून ब्रेक असतात.

आता डिस्कचे पाहू. जोरात ब्रेक लागले की गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे सुमारे ७० टक्के काम पुढच्या दोन चाकांकडे जाते. पुढची प्रत्येक डिस्क पाच किलो बिडाची धरली, तर एकदा थांबण्यात तिचे तापमान साधारण दीडशे अंशांनी वाढते. रस्त्यावर एवढे एकदा झाले की पुढची काही मिनिटे ती थंड होत राहते. ट्रॅकवर मात्र वीस-तीस सेकंदांत पुढचे वळण येते. आधीची उष्णता पूर्ण गेलेली नसते, तेवढ्यात नवी भर पडते. चार फेऱ्यांत डिस्क चारशे-पाचशे अंशांवर पोहोचली तर त्यात नवल नाही.

थांबवतो तो टायर

मोठे ब्रेक लावले की गाडी कमी अंतरात थांबेल, हा सर्वात पक्का आणि सर्वात महाग गैरसमज आहे. ब्रेक फक्त चाकाचे फिरणे रोखतो. गाडीला मागे खेचणारे बल निर्माण होते ते टायर आणि रस्ता यांच्यात, तळहाताएवढ्या चार जागांवर. तिथली पकड संपली की चाक जाम होऊन घसरू लागते, किंवा गाडीला एबीएस असेल तर पायाखाली पेडल थरथरते. त्या क्षणी ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त ठरलेली असते. त्याहून मोठा ब्रेक लावला तरी अंतर कमी होणार नाही.

आकड्यांत पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगातल्या गाडीला कोरड्या डांबरावर साध्या टायरने थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात. पकड थोडी जास्त असलेल्या चांगल्या टायरने ते ३९ मीटरवर येते. पावसात पकड निम्मी झाली तर तीच गाडी ७५-८० मीटर घेते. यात ब्रेकच्या आकाराचा प्रश्न कुठेच येत नाही. शिवाय या सगळ्याच्या आधी माणूस असतो. अनपेक्षित काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी ४० मीटर पुढे गेलेली असते. मोबाइलकडे पाहणाऱ्या चालकाचे हे अंतर जगातला कुठलाही कॅलिपर भरून काढत नाही.

म्हणून गाडी लवकर थांबवायची असेल तर पैसे आधी टायरवर खर्च करावेत. ब्रेकमधली सुधारणा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते: पहिल्यांदा जशी थांबली तशीच गाडी दहाव्यांदाही थांबेल का?

१९५३ ची ल मां

हा प्रश्न मोटारीच्या इतिहासात एका शर्यतीने ठळक केला. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण त्यानंतर पन्नास वर्षे मोटारींना ड्रम ब्रेकच बसत राहिले. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा पोकळ डबा. आतले लायनर लावलेले शू बाहेर फाकून त्याच्या भिंतीला घासतात. अडचण अशी की उष्णता डब्याच्या आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल आणखी खाली दाबावे लागते. डिस्क उघड्या हवेत फिरते. तापल्यावर ती जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते.

जॅग्वार आणि डनलॉप या ब्रिटिश कंपन्यांनी मिळून विमानांत वापरात असलेले डिस्क ब्रेक शर्यतीच्या मोटारीवर आणले. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत त्यांची सी-टाइप गाडी उतरली. तिथे सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळण. प्रत्येक फेरीत पूर्ण वेगातून गाडी जवळजवळ थांबवायची, आणि हे रात्रंदिवस करत राहायचे. ड्रमच्या गाड्यांना ब्रेक वाचवण्यासाठी वळणाच्या बरेच आधी वेग कमी करावा लागे. जॅग्वारचे चालक उशिरा ब्रेक लावत आणि चोविसाव्या तासालाही तसेच लावत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत जिंकली. जॅग्वारच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. ल मांमध्ये सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. इंजिनाची ताकद हे त्या विजयाचे एकमेव कारण नव्हते. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता हे मोठे कारण होते.

पेडल मऊ की कडक?

तापलेले ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारांनी दगा देतात. दोन्हींची खूण पायाला कळते, आणि ती प्रत्येक चालकाला माहीत असावी.

पहिला प्रकार पॅडचा. पॅडमध्ये धातूचा चुरा, तंतू आणि इतर पदार्थ राळेने एकत्र बांधलेले असतात. त्या मिश्रणाला सोसेल त्यापेक्षा तापमान वाढले की राळ विघटित होते आणि घर्षण घटते. अशा वेळी पेडल कडक लागते, पाय जोराने दाबला जातो, जळल्याचा वास येतो, पण गाडीचा वेग उतरत नाही.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. गॅरेजमध्ये त्याला ऑइल म्हणतात, पण सर्वसाधारण मोटारींत ते तेल नसून ग्लायकॉल वर्गातला द्रव असतो. पायाचा दाब पेडलपासून कॅलिपरपर्यंत तोच पोहोचवतो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून दाब जसाच्या तसा पोहोचतो. पण कॅलिपर तापून द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पाय फक्त बुडबुडे दाबत राहतो. पेडल मऊ होऊन तळाला जाते. सुरुवातीच्या प्रसंगात ट्रॅकवर बहुधा हेच झालेले असते.

या द्रवाचा एक स्वभाव त्रासाचा आहे: तो हवेतली आर्द्रता शोषून घेतो. रबरी नळ्यांमधूनसुद्धा वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी आत झिरपते. ‘डॉट ४’ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा, असे मानक सांगते. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. ‘डॉट ३’ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत, ‘डॉट ५.१’ साठी २६० आणि १८०. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत पाणी मुरायला निमित्त भरपूर. म्हणून अनेक कंपन्या हा द्रव दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि गाडी चांगली थांबते आहे म्हणून बरेच मालक ते टाळतात. रोजच्या वापरात काही कळतही नाही, कारण कॅलिपर तेवढा तापतच नाही. ज्या दिवशी तापतो, त्या दिवशी कळते.

यावरून सुधारणेचा क्रम आपोआप ठरतो. आधी ताजा, वरच्या दर्जाचा द्रव भरून नळ्यांमधली हवा नीट काढून घेणे. मग जास्त तापमान सोसणारे पॅड. पण इथेही तारतम्य हवे. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडल्यावर पहिल्याच सिग्नलला ते धोक्याचे ठरू शकतात. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर असेल, तर दोन्ही तापमानांत चालणारे मधले पॅड घ्यावे लागतात. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून बऱ्याच वेळा ब्रेक लावून, मध्ये थंड होऊ देत, ते डिस्कवर बसू द्यावे लागतात. हे न केल्यास पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटतो आणि ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरते. पुष्कळदा ‘डिस्क वाकली’ म्हणून जी बदलली जाते, तिचे खरे दुखणे हा असमान थर असतो. खूप तापलेले ब्रेक घेऊन गाडी थांबवून पेडल दाबून धरले, तरी तसाच डाग पडतो. म्हणून ट्रॅकवरची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, सावकाश मारतात.

मोठी डिस्क कधी हवी?

द्रव आणि पॅड चांगले असूनही ब्रेक थकत असतील, तर डिस्क मोठी करण्याला अर्थ येतो. याचे शिस्तीत झालेले उदाहरण माझदा एमएक्स-५ या जपानी गाडीचे आहे. १९८९ मध्ये आलेली ही दोन आसनी गाडी जगातली सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार मानली जाते. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, पण अमेरिका, जपान आणि ब्रिटनमधल्या हौशी शर्यतींत ती सर्रास दिसते. पहिल्या १.६ लिटर इंजिनाच्या गाडीला पुढे सुमारे २३५ मिलिमीटर व्यासाच्या डिस्क होत्या. १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीने त्या सुमारे २५५ मिलिमीटरच्या केल्या आणि त्याच प्रमाणात मागच्याही वाढवल्या. जुन्या गाडीचे कित्येक मालक सुधारणा म्हणून कंपनीच्याच या पुढच्या मॉडेलचे भाग बसवतात.

यात दोन गोष्टी साधतात. डिस्क जड झाल्याने तेवढ्याच उष्णतेत ती कमी तापते, आणि पृष्ठभाग वाढल्याने लवकर थंड होते. आणि पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक एकत्र वाढल्याने तोल टिकतो. हा तोल फार महत्त्वाचा. गाडी बनवणारे अभियंते पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी मोजून करतात. फक्त पुढे मोठे कॅलिपर बसवले तर पुढची चाके आधी जाम होतात, मागच्यांची पकड वापरलीच जात नाही आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. मागे जास्त जोर गेला तर मागची चाके आधी घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. कॅलिपरमधले पिस्टन मोठे केले, पण मास्टर सिलिंडर तोच ठेवला, तर पेडल जास्त खाली दाबावे लागते. एबीएसची गणिते मूळ ब्रेक गृहीत धरून बसवलेली असतात, तीही बिघडू शकतात. मोठ्या डिस्कसाठी मोठे रिम लागतात, चाक जड होते. भारतात तर निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत. बदलाआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांचे म्हणणे जाणून घेतलेले बरे.

बाकीच्या आकर्षक गोष्टींचेही असेच. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण भोकांच्या कडांपासून बिडाला तडे जाऊ शकतात, आणि जेवढा धातू काढला तेवढी उष्णता साठवण्याची जागा कमी होते. तिरप्या खाचांच्या डिस्क त्या मानाने टिकतात. पोलादी जाळीच्या नळ्यांनी पेडल घट्ट लागते, अंतर कमी होत नाही. कार्बन-सिरॅमिक डिस्क पोर्शेने २००१ च्या सुमारास ९११ जीटी२ वर आणल्या. त्या बिडाच्या निम्म्या वजनाच्या असतात आणि प्रचंड तापमान सोसतात, पण किंमत सामान्य मोटारीएवढी होऊ शकते. याउलट डिस्कच्या मध्यभागी थंड हवा नेणारी साधी नळी अनेकदा मोठे काम करते. मधे पोकळ असलेली डिस्क फिरताना पंख्यासारखी हवा खेचते. तिला फक्त ती हवा मिळायला हवी.

तो काळा भुगा

रिमवर जमणारा काळा भुगा म्हणजे झिजलेले पॅड आणि डिस्क. त्यात लोह, तांबे, बेरियम, अँटिमनी असे घटक असतात, आणि बरेच कण श्वासातून आत जाण्याइतके बारीक असतात. ब्रेक जितका तापेल आणि पॅड जितका आक्रमक असेल, तितका भुगा जास्त. धुराड्यातून येणारा धूर जसजसा स्वच्छ होत गेला, तसतसे या कणांकडे लक्ष गेले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून पॅडमधल्या तांब्यावर मर्यादा आणली, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन माशांना घातक ठरत होते. युरोपने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांना पहिल्यांदाच मर्यादा घातली: पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या मोटारींना ३.

सर्वात जास्त धोका असतो तो ब्रेक उघडणाऱ्या मेकॅनिकला. एकेकाळी लायनर आणि पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत, कारण ते उष्णता सोसते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर वीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा निर्मात्याचे नाव नसलेल्या स्वस्त लायनरमध्ये ते असू शकते. हवेच्या पाइपने ड्रम फुंकून साफ करण्याची गॅरेजमधली सवय म्हणून वाईट. भुगा ओला करूनच पुसावा, ब्रेक क्लीनर वापरावा. नाकाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. घरी हौसेने पॅड बदलणाऱ्यालाही हेच लागू आहे, आणि त्या वेळी मुलांना जवळ बसवू नये.

बोरघाटाचे गणित

आता ट्रॅक सोडून खंडाळ्याला येऊ. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण पाचशे मीटर खाली उतरतो. माणसे आणि सामान धरून १४०० किलोची साधी मोटार एवढी उतरताना जवळजवळ ७० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी करते. सुरुवातीच्या स्पोर्ट्स कारच्या पूर्ण वेगातून एकदा थांबण्यापेक्षा ही सहापट आहे. त्या ऊर्जेत २२ लिटर पाणी उकळेल. घाटात वेळ जास्त मिळतो आणि काही ऊर्जा हवेच्या रोधात जाते. पण उरलेली कुठे जाणार, हे चालकाच्या डाव्या हातावर अवलंबून असते.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनच तिला मागे ओढते आणि ब्रेकवरचा भार बराच उतरतो. न्यूट्रलमध्ये टाकली तर सगळा भार ब्रेकवर. पेट्रोल वाचते म्हणून उतारावर न्यूट्रल करण्याची सवय अजून दिसते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा समज उलटा आहे. गिअरमध्ये उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते. त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करणे. ब्रेकला मदत करणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते. दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम आजही चांगला आहे. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी एल किंवा मॅन्युअलची सोय असते. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नये. वेग वाढला की ठामपणे कमी करावा आणि पाय उचलावा. बॅटरीच्या गाडीत वेगाची ऊर्जा परत बॅटरीत जाते, म्हणून ब्रेकना आराम मिळतो. पण लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून निघाल्यास तिच्यात जागाच उरत नाही आणि सुरुवातीचा उतार साध्या ब्रेकवर काढावा लागतो. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गिअर आणखी खाली आणून, सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि अर्धा तास तरी थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. बीड एकदम थंड झाले की तडकू शकते.

उरलेला भाग माणसाचा

ब्रेक सुधारले की चालकही बदलतो, आणि हे मोजून पाहिले गेले आहे. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात टॅक्सींच्या एका ताफ्यावर अभ्यास झाला. काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते, बाकी गाड्या सारख्या होत्या. अपघातांच्या संख्येत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. प्रवासी म्हणून बसलेल्या निरीक्षकांना दिसले की एबीएसच्या टॅक्सींचे चालक वळणे जास्त वेगाने घेत आणि पुढच्या गाडीपासून कमी अंतर ठेवत. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च करून टाकली होती. एबीएस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. हातात आलेली जादा क्षमता राखीव ठेवायची की वापरून संपवायची, हे चालकच ठरवतो.

म्हणून ब्रेक बदलायला निघालेल्याने स्वतःला आधी तीन प्रश्न विचारावेत. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? टायर किती जुने आहेत? ब्रेक कमी पडले तेव्हा पेडल मऊ होते की कडक? या तीन उत्तरांत बहुतेकांचा इलाज सापडतो. लाल कॅलिपर त्यानंतरही घेता येतात.

आणि ज्याला ट्रॅकवर कधीच जायचे नाही, त्याने पुढच्या घाटाआधी एवढे करावे. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर सहल एक दिवस पुढे ढकलून आधी गॅरेजमध्ये जावे.